होटगीच्या पुस्तकाची दोन परीक्षणं

५ जानेवारी २०२५, रविवार

ऑफिसची नवी डायरी मिळाली. आमच्या विम्याच्या ऑफिसात वेळेवर मिळणारी ही एकच गोष्ट, तेव्हा वाया घालवायची नाही असं ठरवलंय.

आज नवी पेठेत मुकुंदकाकांकडे गेले. कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधे त्यांचं पुस्तकांचं दुकान आहे, गिऱ्हाईक कमी आणि पत्ता विचारणारे जास्त. मला बघितल्यावर काउंटरखालून एक पातळ पुस्तक काढून म्हणाले, "धम्मप्रिया, हे तुझ्या कामाचं दिसतंय." बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची पुस्तकं मी शोधत असते, हे काकांना केव्हापासून ठाऊक आहे. का शोधते ते त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

फेसबुकवर माझं एक पान आहे. 'वाचणारी' या नावानं मी तिथं अशा पुस्तकांची परीक्षणं लिहिते. ती 'वाचणारी' म्हणजे मी, हे काका सोडले तर कुणाला माहीत नाही, आईला तर नाहीच. वाचणाऱ्या बऱ्यापैकी जमल्यात. माझी जीभ तिखट आहे म्हणून जमल्यात, हे मला कळतं. एक तक्रार मी दर परीक्षणात करते: या पुस्तकांतल्या पोरी नेहमी मुंबईत नाहीतर परदेशात. त्यांना बाल्कनी असते. आमच्यासारख्या कडक भाकरी खाणाऱ्या, सहाच्या आत घरात येणाऱ्या बायकांना कुणी पुस्तकात घेत नाही.

पुस्तकाचं नाव 'दुसरं तिकीट'. लेखिका म्हणून नुसतं 'निर्मला', आडनाव नाही. छपाई स्वस्तातली. बघू.

७ जानेवारी

होटगी! पुस्तकात होटगी आहे. इथून वडापच्या जीपनं अर्ध्या तासावरची होटगी.

रेल्वेच्या क्वार्टरात राहणारी मुलगी, बाप पाइंटमन, आजी घरात कानडी बोलणारी. सोलापूरला डी.एड. करताना तिला इंदू भेटते. दोघी एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, आणि पुढं जे होतं ते लेखिकेनं इतकं साधं लिहिलंय की मी पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसले. शेवटी दोघींनी विजापूरकडं निघून जायचं ठरवलेलं असतं. मुलगी होटगीच्या फलाटावर दोन तिकिटं काढून बसते. इंदू येत नाही. मुलगी गाडी जाऊ देते, घरी जाते आणि भांडी घासते.

भांडी घासते, एवढंच लिहिलंय. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, सर्दी झाली का. म्हटलं, हो.

१२ जानेवारी, रविवार

होटगीला जाऊन आले. सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येतंय आणि मी एकटी उलटी निघालेली.

मी हवेत बोलत नाही, पुरावा देते. म्हणून माझ्या परीक्षणाला किंमत आहे. फलाटाच्या टोकाला नळाजवळ सिमेंटचा बाक पुस्तकात आहे, तो तिथं आहे. क्वार्टरांची ओळ आहे. फाटकापलीकडं वस्तीवरची शाळा आहे, जिथं ती मुलगी पुढं शिक्षिका होते. भावाचं सिमेंटचं दुकान लिहिलंय, रस्त्यावर तसं दुकानही आहे. बाकाचा आणि शाळेचा फोटो काढला. येताना वडापमध्ये मी उगीचच हसत होते. समोरची बाई घाबरून पलीकडं सरकली.

घरी येऊन एका बैठकीत परीक्षण लिहिलं. शेवटची वाक्यं अशी: "निर्मला हे टोपणनाव असेल, पण पुस्तकातलं गाव टोपण नाही. ही लेखिका होटगीची आहे, शिक्षिका आहे, आणि तिनं हे भोगलेलं आहे, पैज लावते. इंदूचा आवाज मला पाच दिवस ऐकू येतो आहे. सोलापूरकरांनो, हे आपलं पुस्तक आहे." फोटो जोडले. पुस्तक हवं असणाऱ्यांसाठी माझा नंबर दिला, म्हणजे काकांचा माल खपेल.

याहून चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही.

१६ जानेवारी

पानावर नुसती झुंबड. "ही शाळा मला माहिती आहे." "सिमेंटचं दुकान कुणाचं ते कळलं, हाहा." "या बाई आमच्या शाळांच्या केंद्रात आहेत का?" होटगीची माणसं पुस्तकाबद्दल बोलतायत, याचा आनंद कुणाला सांगू? वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीवाल्या सतीशचा फोन आला, परीक्षण छापतो म्हणाला. म्हटलं, जरूर छाप, नंबरही छाप, पण माझं नाव येता कामा नये. ऑफिसात बोभाटा नको.

१९ जानेवारी, रविवार

छापून आलं. फोटोसकट, अर्धं पान. मुकुंदकाकांनी कात्रण दुकानाच्या काचेवर लावलं आणि मला म्हणाले, "छान लिहिलंयस. पण नाव-गाव कशाला गं इतकं?"

काकांचं वय झालं. त्यांना सगळंच झाकपाक करून हवं असतं. मी म्हटलं, काका, आजवर झाकलं म्हणूनच ही वेळ आली.

२१ जानेवारी, मंगळवार

अनोळखी नंबरवरून मेसेज: "मी निर्मला. तुम्ही मनापासून लिहिलं, आभार. होटगी, शाळा, दुकान ही वाक्यं आणि फोटो काढून टाकावेत ही विनंती. लवकर."

आभार एका वाक्यात आणि तक्रार दोन. लेखक लोकांचं हे असंच. कौतुक हवं, पण त्यांच्या मापानं कापलेलं. मी नम्रपणे कळवलं की परीक्षण लेखकाच्या सांगण्यावरून बदलता येत नाही, तो माझा नियम आहे, आणि शिवाय छापून गेलेलं परत कसं घेणार? शेवटी लिहिलं, "लाजू नका. अभिमान बाळगा."

निळ्या खुणा आल्या.

२५ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस माझा. दुकानात एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे पट्टे. 'दुसरं तिकीट'च्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या सगळ्या त्यांनी बांधून मागितल्या. काका माझ्याकडं बघायला लागले. मी न राहवून पुढं झाले आणि सांगितलं की परीक्षण माझं आहे.

"तुमचं व्हय?" त्यांनी हात जोडले. "लई बारकाईनं वाचता की तुमी. आमाला एवढं कळत न्हाई. जरा समजावून सांगा की, यातलं खरं कुटलं आन् लिवलेलं कुटलं?"

असा वाचक कुठं मिळतो? मी स्टुलावर बसून पान उघडून उघडून दाखवलं. आजीच्या तोंडचं कानडी उसनं वाटत नाही म्हणून आजी खरी. दुकानातला भाऊ फार रागानं लिहिलेला नाही, म्हणजे तो सख्खा असणार. आणि इंदूचं सगळं शंभर टक्के खरं, कारण तिच्याबद्दल लिहिताना लेखिका विशेषणं वापरत नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "आन् ती इंदू? ती कुटली आसंल?" मी म्हटलं, ते मात्र पुस्तकात कुठं सापडत नाही.

त्यांनी माझं ऑफिस विचारून घेतलं, नाव सांगितलं सोमलिंग. गठ्ठा खांद्यावर टाकून गेले. काका चष्मा पुसत बसले. मी घरी आईला पेढे नेले. कशाचे, तर पगारवाढीचे म्हटलं.

२ फेब्रुवारी

निर्मलाबाईंना कळवावं म्हटलं की सगळ्या प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती काढा. फोन बंद. चार वेळा केला. रुसल्या असतील. रुसू देत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते आजच लिहून ठेवते.

दुपारी शिपाई म्हणाला, तुमच्याकडं पाहुणे आलेत. सोमलिंग होते. त्यांच्यामागं चाळिशीची, बारीक, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. "ही आमची भैन, शिवलीला," ते म्हणाले. "तुमची निर्मला."

ऑफिसशेजारच्या चहाच्या गाडीवर बाकड्यावर बसलो. सोमलिंगनी आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सिमेंटवाला मी. दुकान तुमी वळकलंच हाय. माज्या पोरीचं लगीन मोडलं. शाळेच्या कमिटीनं आर्ज दिलाय, ही बाई आमच्या पोरीस्नी शिकवायला नको म्हणून. आमच्या घरात पेटवली तुमी काडी, आता तुमीच पानी टाका. परत एकदा पेपरात लिवा. पुस्तक खोटं हाय, होटगीचं न्हाई, बाईनं लिवलेलं न्हाई."

मी म्हटलं, ते खोटं होईल.

"व्हय. खोटंच लिवायचं," ते म्हणाले. "अठ्ठावीसला कमिटीची मीटिंग हाय. त्याच्या आत न्हाई झालं तर हिची नोकरी जाती. मग मी हिला घरात ठिवणार न्हाई. अफजलपूरला मामानं एक बिजवर बघून ठिवलाय. आन् लिवल्यावर कुनी विचारलं, कुनीबी, तर हेच सांगायचं. मी माणसं लावनार हाय विचारायला. तुमच्या तोंडात काय टिकत न्हाई, हे मी बघितलंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते रस्त्याकडं गेले. शिवलीलाबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज वर्गात शिकवणारीचा, स्वच्छ.

"मी नाव बदललं, गाव बदलायचं राहिलं. माजी चूक. गाव बदलून लिहिताच आलं न्हाई मला."

मी म्हटलं, बाई, मला खरंच वाटलं की हे चांगल्यासाठी आहे. आपलं कुणी इतक्या जवळ आहे, याचाच आनंद झाला हो.

"ते कळलं मला वाचताना. म्हणून तर आभार मानले." मग म्हणाल्या, "पण तुमचं नाव कुटं हाय त्यात? तुमी तुमचं नाव लिवलं न्हाई की."

आजवर माझ्या कुठल्याच वाक्याला कुणी असं पकडलं नव्हतं. मान वर करायची लाज वाटली.

मी विचारलं, इंदूला कळलंय का? त्यांनी भावाकडं बघितलं, तो पाठमोरा होता. "जेऊरला दिली तिला. यांना तेवढं ठाऊक न्हाई. पुस्तक तिच्यासाठीच छापलं होतं. तिच्यापर्यंत काय पोचलं नसंल." मग घाईनं म्हणाल्या, "इंदू खोटी हाय असं पयलं लिवा. बाकीचं माजं काय व्हायचं ते होऊ दे. तिला हुडकत जायला नकोत कुनी."

सोमलिंग परत आले. चहा तिघांचाही तसाच राहिला.

१३ फेब्रुवारी

काकांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी 'मी म्हटलं होतं' असं म्हणतील. ते काचेवरचं कात्रण नखानं खरवडून काढत होते. डिंक निघता निघत नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर लिहितेय. चांगल्या पुस्तकाला वाईट म्हणणं अवघड जाईल असं वाटलं होतं. अवघड जात नाही, हेच भयंकर आहे. जे जे आवडलं होतं त्याच्यावर बोट ठेवत जायचं, आणि उलटं लिहायचं. माझ्याइतकं नेमकं खोटं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, कारण खरं काय आहे ते मीच सगळ्यांत बारकाईनं बघितलंय.

"पुस्तकात होटगीचं नाव आहे, होटगी नाही. फलाट कुठल्याही गावचा चालला असता. मागच्या वेळी मी या लेखिकेला होटगीची शिक्षिका ठरवून टाकलं, तो माझा उतावळेपणा होता. अधिक चौकशी केल्यावर माझी खात्री झाली आहे की हे लेखन दूरच्या शहरातल्या एखाद्या हौशी माणसाचं, बहुधा पुरुषाचं आहे. नकाशा बघून गाव निवडलेलं दिसतं. आजीचं कानडी कुणाकडून तरी विचारून घेतलेलं. आणि इंदू? इंदू ही बाई कुठंच नव्हती. लिहिणाऱ्याला अशी कुणी भेटलेलीच नाही. भेटली असती तर ती न येण्याचं कारण तरी त्यानं शोधलं असतं."

शेवटचं वाक्य लिहिल्यावर वाटलं, हे खरोखरच चांगलं निरीक्षण आहे. मग कागद उलटा करून ठेवला.

आई विचारत होती, कसलं एवढं लिहितेस? म्हटलं, ऑफिसचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. सतीश म्हणाला, मागचं कौतुक आणि हे घूमजाव, वाचकांना मजा येतेय. माझ्या पानावर मजा येत नाहीये. "विकली गेलीस." "आमच्यातली एक पण खरी नाही म्हणतेस?" "तुझ्यावर विश्वास ठेवून पहिल्यांदा काहीतरी वाचलं होतं." एकीनं फक्त लिहिलं, "का?" पहिलं परीक्षण फोटोंसकट काढून टाकलं. जे बाई महिन्यापूर्वी मागत होत्या, ते काढायला अर्धं मिनिट लागलं.

४ मार्च

सोमलिंगचा मेसेज. हात जोडल्याचं चित्र, आणि "काम झालं. कमिटीनं आर्ज मागं घेतला. ती शाळंत जाती." मी बराच वेळ ते वाचत राहिले. जाते शाळेत. नोकरी राहिली, छप्पर राहिलं. म्हणजे माझ्या हातून एक तरी धड झालं.

शिवलीलाबाईंचा नंबर आता अस्तित्वातच नाही असं सांगतात.

१८ मार्च, मंगळवार

आज सोमलिंगचा माणूस आला. म्हणजे बाई. फोनवर.

दुपारची जेवणाची सुट्टी होती. एक बाई खेड्यातल्या बोलीत विचारत होती, "पुस्तकाचं लिवनाऱ्या तुमीच काय?" आजूबाजूला माणसांचा, वजनकाट्याचा आवाज. मी लगेच सावध झाले. मागच्या वेळी स्टुलावर बसून शहाणपणा केला होता, तो पुन्हा नाही.

"ते पुस्तक माज्या भाचीनं आनलं. म्या वाचलं. मंग तुमचं दुसरं पेपरात वाचलं. त्यात तुमी म्हनताय, ती इंदू न्हाईच म्हनून."

मी म्हटलं, नाही. सगळं रचलेलं आहे.

"आन् लिवनारी?"

म्हटलं, बाई नाहीच. कुणीतरी पुरुष आहे, लांबचा.

मग आवाज खाली करून म्हणाली, "पुस्तकात लिवलंय ती आलीच न्हाई. पर ती आलती. दादानं खोलीत कोंडलंतं, सांजच्याला कौलं काढून आलती. तवर बाकावर कुनी नव्हतं. एवढंच त्या लिवनारीला सांगायचं व्हतं."

किती तयारी करून बसवली होती तिला सोमलिंगनी. कौलं काय, दादा काय. मी एका सुरात सांगितलं, "हे बघा, लिहिणारी कुणी नाही आणि इंदूही कुणी नाही. कुणी आलं नाही की गेलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"बरं," ती म्हणाली. "माजंच येड." आणि फोन ठेवला.

नीट निभावलं. आवाज एकदासुद्धा हलला नाही. शिवलीलाबाईंना सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, की यावेळी माझ्या तोंडात टिकलं.

१९ मार्च, बुधवार

सकाळी ऑफिसला जाताना, रिक्षात, सहज फोन बघत होते. कालच्या नंबरवर बोट गेलं. अनोळखी नंबर कुणाचा ते दाखवणाऱ्या ॲपवर नाव दिसलं: किराणा, जेऊर.

जेऊर सोमलिंगला माहीत नाही. त्या दिवशी चहाच्या गाडीवर बाईंनी मला एकटीलाच सांगितलं होतं.

रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. इतकी वर्षं इंदू ही एक गोष्ट सांगायला माणूस शोधत होती, आणि शोधून शोधून माझ्यापाशी आली. तिनं कुणाला विचारून फोन केला असेल, कुणाच्या नजरा चुकवल्या असतील. मी तिला तिच्या तोंडावर सांगितलं की तू नाहीस. शिवलीलाबाईही नाही. दोघींनाही मी एकाच दुपारी पुसून टाकलं, आणि घरी येऊन स्वतःची पाठ थोपटली.

होटगीला जाऊन बाईंना हे सांगावं, तर सोमलिंगच्या दुकानावरून जावं लागतं. तिसरं काही पेपरात लिहावं, तर कमिटी आहेच. बसस्टॉपच्या शेडमध्ये जाऊन मी त्या नंबरवर फोन लावला. दोनदा वाजला. पुरुषाचा आवाज आला, घाईतला.

"बोला. कोण पायजे?"

मागं काटा खणखणत होता, कुणीतरी साखर मागत होतं. काल दुपारी तुमच्याकडून फोन केला ती बाई कोण, एवढंच विचारायचं होतं. तो आठवून सांगेल. मग तोच तिला विचारेल, सोलापूरची कोण बाई तुला हुडकतेय, आणि दुकानातली माणसं मान वळवून बघतील.

"आवो, कोण पायजे?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "चुकून लागला."